वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर पीनट बटर : चालतं का, कधीपासून, किती?

रानवेल
नमस्कार मंडळी. माझी स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन) झालीये, प्युरीचा टप्पा संपवून आता मऊ जेवणावर आले आहे. बाकी सगळं छान चाललंय पण प्रोटीन काही केल्या पुरं होत नाही. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम सांगितलंय आणि मी कशीबशी पन्नाशीच्या आसपास पोचते, तेही शेक घेऊन. त्या शेकचा आता वासही नकोसा झालाय, गोडूस वास आला की पोटात ढवळायला लागतं. अंड्याचे दोन घास जातात, तिसरा घशाशी येतो. म्हणून घरच्यांनी पीनट बटर आणून ठेवलं, त्यात प्रोटीन असतं ना. अजून उघडलेलं नाहीये. हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर "नट बटर, गुळगुळीत, थोडं" एवढंच आहे. थोडं म्हणजे किती? शोधायला गेलं तर एक जण म्हणतो रोज खा, दुसरा म्हणतो शिवूसुद्धा नका. ज्यांच्या ऑपरेशनला बरीच वर्षं झालीयेत त्यांनी प्लीज लिहा, आणि नुसतं हो-नाही नको, का ते पण सांगा.

भटकभवानी
मला तरी चाललं. मऊ जेवणाच्या टप्प्यात छोटा चमचा भरून घट्ट दह्यात कालवून घ्यायचे. क्रंचीवालं मात्र घेऊ नका, त्यातले दाण्याचे तुकडे नीट चावले जात नाहीत आणि नव्या पोटाला ते झेपत नाहीत. आणि मोठा चमचा नाही हां, चहाचा.

शून्यातून
माझं मत ऐकायचं तर डबा घरातून बाहेर काढा. एवढं स्पष्ट लिहितोय कारण सपोर्ट ग्रुपमधे मी वर्षानुवर्षं बघत आलोय, वजन परत चढायला लागलेल्या माणसाला दिवसभरात काय-काय खाता विचारलं की यादीत पीनट बटर असतंच, आणि ते जेवण म्हणून नसतं, येता-जाता चमचा बुडवलेला असतो. याला स्लायडर फूड म्हणतात. पोटात थांबतच नाही, घसरून पुढे जातं, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि कॅलरी मात्र सगळ्या अंगी लागतात. चिकनचे चार घास खाल्ले की पाऊच, म्हणजे ऑपरेशननंतर उरलेलं छोटं पोट, सांगतो बास, पीनट बटर कितीही खा, तो काही बोलत नाही.

निळाई
मी बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या, पेशंटचं डाएट बघते त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. तुमच्या टीमने दिलेला तक्ता वेगळं काही सांगत असेल तर तोच धरायचा, कारण तुमच्या ऑपरेशनचे तपशील त्यांना माहीत आहेत.

रानवेल, आधी आकडे बघू. दोन सपाट टेबलस्पून म्हणजे ३२ ग्रॅम. त्यात साधारण १९० कॅलरी, १६ ग्रॅम फॅट आणि ७ ते ८ ग्रॅम प्रोटीन. एक ग्रॅम फॅटला ९ कॅलरी, म्हणजे १९० पैकी १४४ नुसत्या फॅटच्याच झाल्या. एका अंड्यात सत्तरेक कॅलरीत ६ ग्रॅम प्रोटीन मिळतं. शिजवलेल्या चिकन ब्रेस्टमधे १०० ग्रॅमला ३० ग्रॅम प्रोटीन आणि कॅलरी १६५. आता उलटा हिशोब करून बघा, दिवसाचं ६० ग्रॅम प्रोटीन फक्त पीनट बटरमधून काढायचं ठरवलं तर अडीचशे ग्रॅम खावं लागेल आणि त्याच्या कॅलरी होतील पंधराशेच्या घरात. या टप्प्यावर दिवसभराचं तुमचं सगळं खाणं मिळूनसुद्धा त्याच्या निम्मं-अर्धं होत असेल.

म्हणून मी पेशंटला सांगते की पीनट बटर वहीत फॅटच्या रकान्यात लिहायचं. बरोबर थोडं प्रोटीन येतं ते चांगलंच आहे पण त्याच्या जिवावर टार्गेट गाठता येत नाही. शिवाय दाण्याच्या प्रोटीनमधे लायसिन हा प्रोटीनचा एक आवश्यक घटक कमी असतो, अंडी, दूध, मासे, सोया यांची जागा ते घेऊ शकत नाही. आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत प्रोटीन कमी पडलं तर वजनाबरोबर स्नायूही जातात. तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळायला लागतात ते बऱ्याच अंशी ऑपरेशनच्या आणि झपाट्याने उतरणाऱ्या वजनाच्या ताणामुळे, पण प्रोटीन आणि लोह कमी असेल तर ते जास्त आणि लांबत जातं.

पानगळ
निळाईताईंना अनुमोदन. "सपाट टेबलस्पून" हे शब्द सगळ्यांनी अधोरेखित करून ठेवा. पीनट बटर चिकट असल्याने सपाट चमचा कुणी घेतच नाही, चमचा वर येतो तो डोंगर घेऊन, खाली लोंबतंय ते वेगळंच. तो डोंगर काट्यावर ठेवून बघा, १६ ग्रॅमच्या जागी सहज ३० भरतो.

मोजायची सोपी रीत सांगते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर अख्खी बरणी ठेवायची, टेअरचं बटण दाबून शून्य करायचं, मग बरणीतून चमच्याने काढायचं. काट्यावर उणे आकडा दिसतो, उणे ५, उणे ८, तेवढे ग्रॅम तुम्ही काढलेत. वाटी चिकट होत नाही, चमच्याला किती राहिलं याचा घोळ नाही, आणि चमचा चाटला तरी तो हिशोबात आलेलाच असतो. मोजून झालं की बरणीचं झाकण लावून ती आधी कपाटात ठेवायची आणि मग खायला बसायचं. हा क्रम बदलायचा नाही. बरणी समोर असताना दुसरा चमचा कधी गेला ते कळतसुद्धा नाही.

रानवेल
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी नीट सांगितलं नव्हतं. पण ताई, मग कागदावर परवानगी का दिलीये? आणि दुसरी भीती म्हणजे ते अडकणार तर नाही ना? साधं चांगलं चाललेलं असतानाही टाळूला चिकटतं ते, आता तर पोटच एवढुसं झालंय.

निळाई
परवानगी अशासाठी की मऊ आहे, चावावं लागत नाही आणि थोड्याशा जागेत ऊर्जा मिळते. काही पेशंटना सुरुवातीला दोन-तीन घासांपुढे जातच नाही, त्यांना त्याचा उपयोग होतो. बहुतेक ठिकाणी प्युरीच्या शेवटी किंवा मऊ जेवणात, म्हणजे साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासून, गुळगुळीत नट बटर थोडं चालू करतात. अख्खे शेंगदाणे त्यानंतर बरेच उशिरा, नेहमीचं जेवण अंगवळणी पडल्यावर, आणि तेही अगदी पीठ होईपर्यंत चावून.

अडकण्याची भीती बरोबर आहे. नुसता घट्ट गोळा गिळायचा नाहीच. छातीच्या मधोमध दाब आल्यासारखं होतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि ती बाहेर आल्याशिवाय बरं वाटत नाही. असं झालं की वरून पाणी पिऊन ढकलायला जाऊ नका, त्याने आणखी त्रास होतो. पातळ करूनच घ्या. चमचाभर कोमट पाण्यात किंवा दुधात आधी फेटायचं, ओघळायला लागलं की दह्यात किंवा मऊ शिजलेल्या ओट्समधे मिसळायचं. पहिल्यांदा ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्या दिवशी दुसरा कुठलाही नवीन पदार्थ नाही, आणि दोन-चार तास कसं वाटतं बघायचं. पाण्याचा नेहमीचा नियम इथेही तोच, जेवताना पाणी नाही आणि जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचं. मऊ पदार्थावर पाणी प्यायलात तर तो आणखीच लवकर पुढे वाहून जातो.

स्लीव्ह आणि बायपास यात थोडा फरक आहे. स्लीव्हमधे पोटाचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात पण खालची झडप जागेवर राहते. बायपासमधे साधारण ३० मिलीचा पाऊच असतो आणि तो थेट लहान आतड्याला जोडलेला असतो, झडप वाटेत येतच नाही. त्यामुळे साखर घातलेलं पीनट बटर बायपासवाल्यांना जास्त बाधतं. खाल्ल्यावर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात पोटात कळा, धडधड, घाम, चक्कर, जुलाब, याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हवाल्यांनाही होतं, पण कमी. साखर नसली तरी एकदम जास्त फॅट गेलं तर मळमळ आणि पातळ शौच होऊ शकते.

औदासीन्यमुक्त
ऑपरेशन बायकोचं झालंय, स्वयंपाक मी करतो, त्यामुळे लेबलं वाचायचं काम माझ्याकडे आहे. घटकांची यादी बघा, पुढच्या बाजूला छापलेलं "हाय प्रोटीन" बघू नका. यादीत शेंगदाणे आणि फार तर मीठ असावं. साखर, मध, कॉर्न सिरप, हायड्रोजनेटेड तेल, पाम तेल हे दिसलं की ठेवून द्यायचं. तेल वर येऊ नये म्हणून ते हायड्रोजनेटेड तेल घालतात. ज्यात घालत नाहीत त्यात वर तेलाचा थर येतो आणि लोकांना वाटतं खराब झालं, तसं काही नसतं, ढवळून घ्यायचं. बरणी काही दिवस उलटी ठेवली तर ढवळायला सोपं जातं.

आणि रानवेल, तुम्हाला जे हवंय ना ते बहुतेक पीनट बटर पावडरमधे मिळेल. दाण्यातलं बरंचसं तेल दाबून काढून टाकतात आणि उरलेल्याची पावडर करतात. दोन टेबलस्पूनला ६० च्या आसपास कॅलरी, दीडेक ग्रॅम फॅट आणि ५-६ ग्रॅम प्रोटीन. बायको बिनवासाच्या, बिनचवीच्या प्रोटीन पावडरमधे ही घालते, वर किंचित मीठ. गोड शेकचा कंटाळा आलेल्यांना ती खारट-भाजकी चव फार बरी वाटते. फक्त यातही साखर घातलेले प्रकार असतात, यादी वाचूनच घ्या.

भटकभवानी
पावडरला +१. खरं सांगू का, चव बरणीवाल्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण शेकमधे घातली की ओळखू येत नाही.

एक शंका आहे, वर आलेलं तेल ढवळण्याऐवजी ओतून टाकलं तर? कॅलरी कमी होतील ना?

पानगळ
होतील, पण किती ते कळणार नाही, लेबलवरचा आकडा मग निरुपयोगी. शिवाय तेल काढल्यावर खाली जे राहतं ते इतकं कोरडं आणि चिकट होतं की ते पाऊचसाठी जास्त वाईट. कमी फॅट हवं असेल तर सरळ पावडर घ्या.

शून्यातून
पावडरबद्दल माझी तक्रार नाही. पण वरच्या चर्चेत सगळा भर पहिल्या काही महिन्यांवर आहे म्हणून पुन्हा लिहितोय. पहिल्या महिन्यांत पीनट बटर फारसं कुणाचं नुकसान करत नाही कारण जातच नाही पोटात. खरा प्रश्न वर्ष-दीड वर्षानंतर सुरू होतो. सुरुवातीला भूकच लागत नाही, स्लीव्हमधे पोटाचा जो भाग काढतात तिथेच घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन मुख्यतः तयार होतं, त्यामुळे खायची आठवण करून द्यावी लागते. नंतर हळूहळू भूक परत येते, पोटात जरा जास्त मावायला लागतं, आणि तोपर्यंत "पीनट बटर माझ्या डाएटमधे आहे" हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आता चहाच्या चमच्याचा टेबलस्पून झालेला असतो, दह्यातलं थेट बरणीतून झालेलं असतं, आणि वेळ कुठली तर रात्री, सगळे झोपल्यावर, टीव्हीसमोर. तेव्हा पोट रिकामं नसतं, मन रिकामं असतं.

स्वीडनमधे १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, स्वीडिश ओबीज सब्जेक्ट्स. त्यात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं आणि दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होतं. म्हणजे ऑपरेशन टिकतं, उगाच घाबरून जायचं कारण नाही, पण थोडं वजन परत येणं हे बहुतेकांच्या वाट्याला आहे. ते थोडंच राहावं यासाठी माझा जीव तुटतो. रोज दोन डोंगर-चमचे जास्तीचे गेले तर साडेतीनशे कॅलरी होतात आणि कुणालाच वाटत नाही की आपण काही खाल्लं. अहो, इतकी मोठी शस्त्रक्रिया सोसून आलेली माणसं आहेत ही. चिप्स, बिस्किटं यांच्यापासून ती स्वतःच लांब राहतात, त्यांना माहीत असतं ते वाईट आहे. पीनट बटरवर मात्र "हेल्दी" लिहिलेलं असतं म्हणून ते पहाऱ्यातून सुटतं.

निळाई
शून्यातून, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि आमच्याकडेही हेच दिसतं. येता-जाता थोडं-थोडं तोंडात टाकत राहणं आणि वजन परत येणं यांचा संबंध अभ्यासांतही पुन्हा-पुन्हा आलाय. एक गोष्ट जोडते. अख्खे शेंगदाणे खाल्ले तर त्यातलं काही फॅट दाण्याच्या पेशींतच अडकून न पचता बाहेर जातं. दळून लोणी केलं की पेशी फुटतात आणि ते फॅट शरीराला जास्त सहज मिळतं. म्हणून वर्षभरानंतर, सगळं नीट चावता येत असेल तर, मी अनेकांना बटरकडून मोजून घेतलेल्या दाण्यांकडे वळवते. चावायला वेळ लागतो, पोटाला कळतं.

पण सगळ्यांनाच घरातून बाहेर काढा असं मी सांगणार नाही. ज्यांचं वजन गरजेपेक्षा जास्त उतरतंय, ज्यांना मांसाहार सहनच होत नाही, त्यांना त्याचा उपयोग आहे.

दीपमाळ
मी त्या उपयोग होणाऱ्यांतली. बायपास होऊन काही वर्षं झाली आणि मग शुगर अचानक खाली जायला लागली, जेवणानंतर दोनेक तासांनी हात थरथरायचे, घाम फुटायचा, डोकं चालेनासं व्हायचं. रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमिया निघाला. पिष्टमय पदार्थ एकटा खायचा नाही, बरोबर प्रोटीन आणि थोडं फॅट घ्यायचं असं सांगितलंय, म्हणून सफरचंदाच्या पातळ फोडींना पीनट बटर लावून खाते, मोजून. फरक पडला, कारण फॅटमुळे साखर सावकाश रक्तात जाते.

आता यातला महत्त्वाचा भाग, आणि हा ज्यांना हा त्रास आहे त्यांनी घरच्यांनाही वाचायला द्या. शुगर प्रत्यक्ष खाली गेलेली असताना पीनट बटर खायचं नाही. जे फॅट एरवी साखरेला सावकाश करतं तेच त्या वेळी आड येतं. तेव्हा ग्लुकोजच घ्यायचं, सर्वसाधारण नियम १५ ग्रॅमचा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचा, बायपासवाल्यांना डॉक्टर कधी त्याहून कमी सांगतात म्हणून स्वतःचा आकडा विचारून लिहून ठेवा. शुगर वर आली की मग थोडं प्रोटीन-फॅट, म्हणजे पुन्हा घसरत नाही.

तळटीप
बायपासवाल्यांसाठी अजून एक, कुणी लिहिलं नाही म्हणून. शेंगदाण्यात ऑक्सलेट बऱ्यापैकी असतं. बायपासनंतर फॅट पूर्ण शोषलं जात नाही, ते आतड्यात कॅल्शियमला धरून बसतं, मग ऑक्सलेटला धरायला कॅल्शियम उरत नाही आणि ते रक्तात जाऊन मूत्रपिंडात खडे होतात. ज्यांना आधी मुतखडा झालाय त्यांनी पीनट बटर रोज खायच्या आधी डॉक्टरांशी बोला. पाणी भरपूर प्या आणि कॅल्शियम सायट्रेटच्या गोळ्या चुकवू नका, जेवणाबरोबर घेतल्या तर ऑक्सलेट आतड्यातच अडवतात. लोहाच्या गोळीपासून मात्र दोन तास लांब.

आणि पित्ताशय. झपाट्याने वजन उतरताना पित्ताचे खडे होतात हे बहुतेकांना माहीत असतं. तेलकट-फॅटी खाल्ल्यावर उजवीकडे बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत किंवा खांद्याकडे जात असेल तर "पीनट बटर सोसलं नाही" म्हणून सोडून देऊ नका, सोनोग्राफी करून घ्या.

रानवेल
तुम्ही सगळ्यांनी जीव तोडून लिहिलंय, काय बोलू. ठरवलंय ते असं. पावडर मागवते आणि बिनचवीच्या प्रोटीनमधे मिसळते, प्रोटीन त्यातून. बरणीतलं आठवड्यातून दोनदा, ५ ग्रॅम, काट्यावर उणे मोजून, पातळ करून दह्यात. अंडं घशाशी येतं त्याबद्दल पुढच्या व्हिजिटला विचारते, तोवर मासे आणि टोफू करून बघते. शून्यातून दादा, बरणी घरात ठेवतेय पण छोटी, आणि वर्षानंतर तुमचा प्रतिसाद परत वाचेन, वाचनखूण साठवलीये.

आत्ता लेबल वाचलं. "शुगर फ्री" लिहिलंय आणि यादीत शेंगदाणे, मीठ, झायलिटॉल. हे चालतं का?

औदासीन्यमुक्त
झायलिटॉल ही शुगर अल्कोहोल आहे. माणसाला विषारी नाही, पण आतड्यात पूर्ण शोषली जात नाही, गॅस, गुडगुड, जुलाब होतात, आणि ऑपरेशननंतर तर थोड्यानेही. पहिल्यांदाच खाताय तर हे नको, कारण त्रास झाला तर दाण्याने झाला की झायलिटॉलने ते कळणारच नाही. शेंगदाणे-मीठवालं दुसरं आणा. आणि घरात कुत्रा असेल तर ही बरणी आजच हलवा, कुत्र्याला झायलिटॉल जिवावर बेततं, शुगर एकदम खाली जाते आणि यकृत निकामी होऊ शकतं. गोळी पीनट बटरमधे लपवून देतात ना कुत्र्याला, त्यासाठी तर चुकूनसुद्धा वापरू नका.

रानवेल
कुत्रा आहे, आणि घरच्यांनी परवा त्याची गोळी कशातून द्यायची हेच विचारलं होतं. नशीब बरणी उघडली नव्हती. परत करतेय.